मोहाखालचा रियाज

त्या पहाटेच्या मैफलीबद्दल लोक अजून मला थांबवून सांगतात. बँकेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड उघडं असताना. बाई, काय गायलात तुम्ही दोघी त्या दिवशी! मी मान हलवते आणि विषय बदलते. लोकांचा काही दोष नाही. त्यांनी ऐकलं ते खरंच सुंदर होतं. मला त्या सुंदरपणाचाच राग येतो, आणि तो कोणावर काढावा हे अजून कळलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी चंद्रपूरला गाणं शिकवते. वडील कोळशाच्या खाणीत होते. आमच्या वस्तीत भीमगीतांना कधी तोटा नव्हता, पण तंबोरा कोणी जवळून पाहिलेला नव्हता. मला तो पाहायला मिळाला एका म्हाताऱ्या गुरूंमुळे. रेल्वेतून निवृत्त होऊन ते इथेच राहिले होते. त्यांनी मला शिकवताना जात विचारली नाही, फी मागितली नाही. वेळेच्या बाबतीत मात्र माणूस महाकठीण. पहाटेचा राग पहाटेच. ललत सूर्य वर आल्यावर गायचा नाही, शिकवायचा नाही, गुणगुणायचा तर नाहीच. एकदा मी दुपारी भांडी घासताना ललताची एक जागा गुणगुणले आणि ते नेमके दारात आले. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी हसण्यावारी नेलं नाही, नियम उचलला. आज माझ्याही घरात तोच नियम आहे.

ते गेले आणि त्यांचं गाणं माझ्याकडे राहिलं. माझ्याकडे मुली येतात, परीक्षा देतात, सर्टिफिकेट घेतात आणि लग्न करून नागपूर-पुण्याला जातात. त्यांच्याकडून मी जास्त अपेक्षाही ठेवत नाही. गुरूंनी मला जे दिलं ते सगळं पेलणारं एकच माणूस मला इतक्या वर्षांत भेटलं. ती ही मुलगी. मुलगी म्हणते, पण पस्तिशीला आलेली बाई आहे. मूल शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जंगलाला लागून एक गाव आहे, तिथे ती अंगणवाडी सेविका. कॉलेजात असताना माझ्या वर्गात आली तेव्हा तिच्या आवाजाला खालच्या सप्तकात असा भरीवपणा होता की माझ्या अंगावर काटा आला. तिने गाणं सोडलं तर माझ्या गुरूंचं गाणं माझ्याबरोबर सरणावर जाणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. तिला मी ते कधी बोलून दाखवलं नाही. शिष्याला अशी गोष्ट सांगितली की तो गळा दाबून गायला लागतो.

ती दर शनिवारी दुपारच्या एसटीने यायची, रात्री माझ्याकडे राहायची, रविवारी परत. घरी दोघीच, ती आणि तिची आई. वडील ती लहान असतानाच आजारपणात गेलेले. घर म्हणजे दोन खोल्या आणि पलीकडच्या घराशी सामाईक भिंत. मी तिला पहाटे खर्ज लावायला सांगितलं होतं, आणि तिने चार-आठ दिवस लावलाही. मग भिंतीपलीकडून तक्रार आली, की तुमची पोरगी अंधारात काऊन रेकते? यावर तिच्या आईनेच तोडगा काढला. ती म्हणाली, चाल माह्यासंग रानात, झाडाची कोन्ती झोपमोड होते?

आई रानात जायची ती मोहाची फुलं वेचायला. मोह संपला की तेंदूची पानं, तेंदू संपला की सरपण. मुलगी सोबत जायची, आईला थोडी मदत करायची आणि एका झाडाखाली बसून रियाज करायची. अशी किती वर्षं गेली. माझ्या सगळ्या शिष्यांत रियाजाची खोली हिच्याइतकी मोठी कोणाची नव्हती.

एका चैत्रात मी मुद्दाम तिच्या गावी मुक्कामाला गेले. पहाटे तिघी निघालो. मोहाचा वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. गोडसर, जरा आंबूस, डोकं जड करणारा वास. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते, त्या काळ्या जमिनीवर पिवळट फुलं टपटप पडत असतात. तिथे प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. त्यामुळे बाया रानभर पांगतात. आणि पांगतात म्हणून त्यांची एक रीत आहे. थोड्या थोड्या वेळाने एकीने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून "हाव", म्हणजे हो, म्हणायचं. कोणाची हाव आली नाही तर सगळ्या टोपल्या टाकून तिकडे धावतात. शिवाय माणसांचा आवाज जनावराच्या कानावर पडत राहावा, हाही त्यात हेतू. वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं तिथे सगळे म्हणतात.

या मायलेकींचं झाड बाकीच्यांपासून जरा आत होतं. मुलगी हाक देत नसे. ती गात असे. एक आलाप घ्यायची आणि थांबायची. झाडामागून आईचं "हाव" यायचं. मग पुढचा आलाप. मला ते ऐकून आधी वैताग आला. मला वाटलं, इतकी वर्षं मी हिच्या गाण्यात या नको तिथल्या थांब्यांवरून डोकं फोडते आहे, ते इथून येतात होय! तिच्या आलापाला मधेच भोकं पडायची आणि मी ओरडायचे, की सूर सोडू नकोस, पुढच्या जागेवर ने. ती मान खाली घालून हसायची. त्या दिवशी मला कारण कळलं, तरी मी तिला म्हटलंच, रानात थांब, माझ्यासमोर थांबू नकोस. आणि तिने ती सवय माझ्यासमोर हळूहळू मोडलीही.

आई मोठी गमतीची बाई होती. हात भराभर चालायचे आणि तोंडही. मला म्हणाली, "बाई, तुमचं गानं लय लांबते जी. इचा एक सा होते तवरी माही पाव टोपली भरते." मी म्हटलं, मग गाण्याने काम लवकर होतं की नाही? तर म्हणाली, कामाचं माहीत नाही, पण ही गात असली की मागं वळून पाहावं लागत नाही. मले भेव नाई वाटत, असं ती अगदी सहज म्हणाली आणि पुढच्या फुलाकडे वळली. मला वाटतं, आमच्या गाण्याची एवढी मोठी पावती माझ्या गुरूंनाही कधी मिळाली नसेल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बुद्धपौर्णिमेच्या रात्री चांदणं लख्ख असतं म्हणून आमच्याकडे जंगलात पाणवठ्यांशेजारी मचाणं बांधतात, आणि माणसं रात्रभर तिथे बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजतात. मुंबई-पुण्याहून लोक त्यासाठी येतात. ही मंडळी पहाटे मचाणावरून उतरली की त्यांच्यासाठी जंगलाच्या कडेला एका रिसॉर्टच्या हिरवळीवर गाण्याची मैफल करायची, असं काही निसर्गप्रेमींच्या मनात आलं. निसर्गाचं गुणगान करणारी, आणि तीही शास्त्रीय. कार्यक्रमाला त्यांनी असं एक संस्कृत नाव दिलं होतं की ते उच्चारताना निवेदकाचीच जीभ अडखळली. मला भेटायला आलेल्या गृहस्थांनी सुरुवातीलाच पावसाचा मेघ राग मागितला. मी म्हटलं, पारा चढलाय कुठे आणि तुम्हाला मेघ हवाय? म्हणाले, वातावरणनिर्मिती होईल. मी त्यांना चहा दिला आणि ललत गाईन म्हणून सांगितलं. ललत, भटियार आणि माझ्याच दोन बंदिशी, एक रानातल्या उजाडण्याची, एक पाणवठ्याची. आणि माझ्याबरोबर माझी शिष्या गाईल, मागे बसून नाही, शेजारी बसून.

हे शेजारी बसणं महत्त्वाचं होतं. आमच्यात शिष्य मागे तंबोरा धरून बसतो आणि गुरूला जिथे दम लागतो तिथे सूर भरतो. शेजारी बसवलं म्हणजे गुरूने जाहीर केलं, की हे माझं पुढचं माणूस. तिला सांगितलं तेव्हा तिने माझे पाय धरले. आईला फोन लावून दिला, तर आई पलीकडून म्हणाली, साडी कोन्ती नेसशीन मंग? आम्ही तिघीही हसलो.

साथीदार नागपूरचे. तबल्याचे भाऊ आणि सारंगीवाले, दोघे मुसलमान, दोघे माझे जुने सोबती. तालमीला ते एकदा येऊन जाणार होते. तालीम अर्थातच पहाटे, कारण ललत. त्यामुळे मुलीला आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे यावं लागलं. मोहाचे दिवस होते; मुलगी माझ्याकडे असायची त्या रविवारी आई रानात जात नसे, पण हा मधला वार, आणखी एक दिवस फुलं वाया घालवणं तिला परवडणारं नव्हतं. ती निघताना आईने सांगितलं, मी बायांसंग जाईन, तू नीट गा.

आई बायांबरोबर निघालीही होती. पण झाड आत होतं. बाया आपापल्या झाडांपाशी थांबल्या आणि ती पुढे गेली. तिला गाता येत नव्हतं. हाका देण्याची सवय तिला कित्येक वर्षांत उरली नव्हती, कारण तिच्याबरोबर कायम गाणारं माणूस असे. बायांनाही वाटलं, पोरगी अंधारात मागून येतच असेल, नेहमीसारखं गाणं ऐकू येईल. त्यांनी तिच्या "हाव"साठी कान दिला नाही. एवढी साधी चूक. त्या बायांवर मी चिडू शकत नाही, कोणीच चिडू शकत नाही.

आमचा ललत रंगात आला होता. ती मध्यमावर थांबली होती, दोन्ही मध्यम शेजारी शेजारी लावत होती, सारंगीवाले डोळे मिटून तिच्या मागे होते, आणि तिचा फोन थरथरला. मी तालमीत फोन बंद ठेवायला लावते. त्या दिवशी तिने ठेवला नव्हता. फोन गावातून होता, आई सापडत नव्हती. तबलावाल्या भाऊंच्या गाडीतून आम्ही गेलो. वाटेत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, की आईला अस्वल दिसलं असेल, झाडावर चढून बसली असेल.

मी तिथलं सगळं लिहिणार नाही. टोपली झाडाखाली होती, जवळजवळ भरलेली. आईला गावकऱ्यांनी त्याआधीच झाकलं होतं. गावाने संतापून रस्ता अडवला, जंगल खात्याची माणसं आली, वाघासाठी झाडांना कॅमेरे बांधून गेली, भरपाईचे कागद झाले. विहारातले लोक आले, वंदना झाली. मुलगी सगळ्यांशी नीट बोलत होती, पाणी देत होती. मला तिच्या त्या नीट बोलण्याची भीती वाटली.

मैफल रद्द करायची असं मी ठरवलं आणि कळवून टाकलं. ते गृहस्थ घरी आले. खरंच हळहळत होते, खोटं नाही. म्हणाले, ही मैफल आपण त्या माउलीला अर्पण करू. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारी खिडकीत आले. वाघ बघायला आलेल्या लोकांच्या करमणुकीत त्या बाईचं नाव घ्यायचं? पण मुलीला हे कळलं तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं, बाई, मी गाईन. नाव घेऊ नका म्हणावं, पण मी गाईन. आईला साडी कोणती नेसू ते सांगायचं राहिलं होतं, असंही म्हणाली.

आणि मी हो म्हटलं. मला आशा वाटली, दुसरं काय. आयुष्यभर मी मुलींना सांगत आले की गाणं माणसाला तारतं. माझ्या वडिलांच्या खोकल्याची रात्रंदिवसाची साथ मी गाण्याने सोसली, नवरा गेला तेव्हाही तिसऱ्या दिवशी तंबोरा जुळवला. मला वाटलं, हिला आता फक्त सूरच वर काढेल. एकदा ती सा लावून बसली की बाकीचं सूर बघून घेईल.

बुद्धपौर्णिमेची रात्र सरता सरता ती पांढरी साडी नेसून आली. आमच्यात त्या दिवशी पांढरं नेसतात. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, मंचासाठी आहे. अजून उजाडायचं होतं. हिरवळीवर गाद्या घातल्या होत्या आणि मचाणावरून उतरलेले लोक चहाचे कप घेऊन येत होते. एकमेकांना विचारत होते, तुम्हाला दर्शन झालं? वाघ दिसण्याला आमच्याकडे दर्शनच म्हणतात, देवाचं म्हणावं तसं. एका बाईंना वाघीण दिसली होती, पिलांसकट, पाण्यात बसलेली. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मुलगी माझ्या शेजारी तंबोरा जुळवत होती. तिने मान वर केली नाही. मी त्या बाईंकडे असं पाहिलं की त्या गप्प झाल्या, का ते त्यांना कळलं नसणार. निवेदकाने मग निसर्ग आपली आई आहे, ती फक्त देते, असं बरंच काही सांगितलं. मी तंबोऱ्याचा आवाज वाढवायला सांगितला.

ललत सुरू झाला. मी मुखडा मांडला आणि पहिल्याच आवर्तनात तिच्याकडे सोपवला, जसं ठरलं होतं. आणि ती गायली.

कसं गायली ते मला लिहिता येत नाही, मी गाणारी आहे. खर्ज असा लागला की सारंगीवाल्यांचा गज क्षणभर थांबला. त्या आवाजात रडणं नव्हतं, एक थेंबसुद्धा नाही. स्वच्छ, मोठा, दूरवर जाणारा आवाज. माझ्या मनात आलं, मिळालं, वाचली. मग तिने एक आलाप मध्यमावर आणला आणि मधेच सोडला. पूर्ण गप्प. तबला आपल्या ठेक्यात चालू, तंबोरा चालू, आणि ती गप्प, मान जराशी कलती. मला वाटलं, हुंदका आवरते आहे. पण नाही, पुढचा आलाप तसाच मोठा आणि स्वच्छ आला. पुन्हा तशीच थांबली. तबलावाले भाऊ माझ्याकडे बघू लागले. समोर मात्र माना डोलत होत्या. पहिल्या रांगेतले एक जाणकार शेजाऱ्याच्या कानात काही बोलले. नंतर त्यांनी मलाही सांगितलं, की विरामाचं एवढं सौंदर्य मी कुणाच्या गाण्यात ऐकलं नव्हतं.

तिसऱ्यांदा ती थांबली तेव्हा मला कळलं. ती थांबून ऐकत होती. हिरवळीच्या पलीकडे झाडं होती, अजून काळीच होती, आणि ती प्रत्येक आलापानंतर तिकडे कान लावत होती. मी तिच्यामागून सूर भरायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या रिकाम्या जागेत मी काय म्हणणार होते? मला भरता येईल असं तिथे काही नव्हतं.

ललत संपला तेव्हा लोक उभे राहिले. एवढ्या टाळ्या मला माझ्या आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. उजाडलं होतं, पाखरं ओरडत होती, कोणी म्हणालं की पाखरंही दाद देतायत. आम्ही भटियार गायलो, दोन्ही बंदिशी गायलो. तिने सगळं नीट केलं. लोक येऊन तिच्या पाया पडले, तिने सगळ्यांना हात जोडले.

मागच्या खोलीत तिला पाणी दिलं. शिक्षक बोलतो तेच मी बोलले, की आज तू माझ्या पुढे गेलीस. ती पाणी प्याली, पेला खाली ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "मी थांबली का माय हाव म्हने. आज मी थांबली त टाळ्याच आल्या."

ती रडली नाही. मीच रडले, आणि तिने मला थोपटलं. पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्यानंतरच्याही नाही. फोन केला की उचलायची, अंगणवाडीत काम वाढलंय म्हणायची, तुमची तब्येत सांभाळा जी म्हणायची. मी रागावून पाहिलं, अजीजीने पाहिलं. गुरूंच्या नावाने शपथ घालून पाहिली, जी मी कधीच घालत नाही. तिने मला एकदाही उलट उत्तर दिलं नाही आणि ती आलीही नाही.

वर्ष गेलं. पुन्हा मोह पडायला लागला तेव्हा मला राहवेना आणि मी तिच्या गावी गेले. दुपार होती. तिने चहा ठेवला. घर झाडलेलं, लखलखीत. मी कित्येक वर्षांपूर्वी तिला रियाजासाठी दिलेला तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा. आम्ही अंगणवाडीच्या मुलांबद्दल बोललो, उन्हाबद्दल बोललो. इतक्यात गल्लीतल्या चार-पाच बाया आल्या. मला पाहून जरा बुजल्या, पण आल्या होत्या तिच्याकडे. त्यांचं म्हणणं होतं, तिने उद्यापासून त्यांच्याबरोबर रानात यावं. तिने वेचायचं काही नाही. आईच्या झाडाचंही त्या वेचून देतील. तिने फक्त मधोमध बसून गायचं.

ती नाही म्हणाली. बायांनी जोर केला नाही. एकजण उठता उठता म्हणाली, मंग मोबाईलच न्या लागते. मी विचारलं, कसला मोबाईल? तेव्हा कळलं. त्या पहाटेची मैफल रिसॉर्टवाल्यांनी चित्रित केली होती आणि ती फिरत फिरत या बायांच्या फोनवर आली होती. या मोसमात त्या फोन फांदीला बांधून ठेवतात आणि मोठ्या आवाजात लावतात. तिचा ललत रानात वाजतो आणि त्या वेचतात. कधी सात वाजता, कधी आठ वाजता, ऊन चढेपर्यंत. दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकलं असतं तर मी थयथयाट केला असता. त्या दिवशी मी नुसतं विचारलं, बॅटरी पुरते का? पुरते जी, असं ती बाई म्हणाली, आणि त्या गेल्या.

मला वाटलं, हीच वेळ. मी तिला म्हटलं, बघ, या बायांना तुझ्या गाण्याचा आधार वाटतो. तुझ्या आईलाही वाटायचा. तिच्यासाठी तरी पुन्हा बस.

ती चुलीजवळ उकिडवी बसली होती. मग अगदी हळू, जसं वर्गात अडलेली जागा विचारायची तसं तिने मला विचारलं.

"बाई, गान्यानं वाघ दूर राह्यत असन, त त्या दिवशी मी इथी असती त माय वाचली असती. अन् गान्यानं काईच होत नसन, त इतके वर्स ती माह्या भरोश्यावर काऊन बिनधास्त राह्यली? दोन्हीतलं कोन्तं खरं, तुम्ही सांगा. जे सांगान ते मी मानतो."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती खरंच उत्तराची वाट बघत होती, कारण मी तिची गुरू होते आणि तिचा माझ्यावर विश्वास होता. पहिलं खरं म्हणावं तर तिने आईला मारलं, आणि तिला तालमीला बोलावणारी मी. दुसरं खरं म्हणावं तर मी तिला जन्मभर जे शिकवलं ते नुसतं टाळ्यांपुरतं. तिसरं काही मला सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

मी चहा संपवला. ती मला एसटीपर्यंत सोडायला आली. येताना तिने तंबोरा खांद्यावर घेतला होता, आणि मी का म्हणून विचारलं नाही. बस आली तेव्हा तिने तो आधी आत चढवला, मग मला हात दिला. म्हणाली, घेऊन जा जी, इथी उंदरं खातीन.

आता माझ्या घरात दोन तंबोरे आहेत आणि गाणारी मी एकटी.